नमुना २३ला न चढलेला रस्ता

मराठवाड्यातल्या येडशी या गावाचे नाव देशाच्या महामार्गांच्या कागदपत्रांत दोनदा येते. सोलापूर–येडशी हा चौपदरीकरणाचा एक प्रकल्प, सुमारे शंभर किलोमीटरचा. येडशी–औरंगाबाद हा दुसरा, एकशे नव्वदच्या आसपास. ज्याला आपण वर्षानुवर्षे धुळे–सोलापूर रस्ता म्हणत आलो, जो आधी २११ क्रमांकाचा महामार्ग होता आणि आता पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जाणाऱ्या ५२ क्रमांकाच्या महामार्गाचा भाग आहे, त्याचे हे दोन तुकडे येडशीला येऊन मिळतात. दोन्ही ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीने खाजगी कंपनीकडे गेले. कंपनी टोल घेते आणि कराराच्या मुदतीपर्यंत रस्त्याची निगा राखते. खड्डा बुजवणे, पांढरे पट्टे मारणे, बंद पडलेला ट्रक बाजूला ओढणे, यातले कोणते काम कोणाचे हे कागदावर ठरलेले आहे.

म्हणजे जमीन सरकारची आणि देखभाल खाजगी. आता महामार्ग सोडून आत वळा. येडशीच काय, हमरस्त्यावरच्या कोणत्याही वाढत्या गावाच्या कडेला नवे प्लॉटिंग पडलेले दिसेल. तिथे नेमका उलटा प्रकार असतो. रस्त्याची जमीन खाजगी, वापर सगळ्यांचा आणि देखभाल कोणाचीच नाही. दूधवाला, शाळेची व्हॅन, गॅसची गाडी, बाळंतिणीला न्यायला आलेली रुग्णवाहिका, सगळे त्याच रस्त्याने येतात. मृगाचा पाऊस पडला की मोटारसायकली हमरस्त्यालगत उभ्या राहतात आणि माणसे चपला हातात घेऊन घर गाठतात. चार जण मिळून ग्रामपंचायतीत गेले की उत्तर ठरलेले: “तात्या, तो रस्ता आपल्या तेवीसला चढलेला नाही.”

ग्रामपंचायतीचे दप्तर १ ते ३३ अशा नमुन्यांत ठेवलेले असते. नमुना ८ म्हणजे घरांची आकारणी. तो बहुतेकांना ठाऊक असतो, कारण बँकेपासून वीजजोडणीपर्यंत सगळीकडे त्याचा उतारा मागतात. नमुना २३ मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. ती ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. रस्त्याचे नाव, कुठून कुठपर्यंत, लांबी, रुंदी, कच्चा की पक्का, अशा रकान्यांत गावातला एकेक रस्ता तिथे बसवलेला असतो. आमदार फंड असो, जनसुविधा असो की गावोगावी नुसते ‘पंचवीस-पंधरा’ म्हणून ओळखले जाणारे मूलभूत सुविधांचे लेखाशीर्ष असो, सिमेंट रस्त्याचे किंवा पेव्हर ब्लॉकचे काम सुचवले की जागा ग्रामपंचायतीची असल्याचा पुरावा मागितला जातो आणि तो पुरावा म्हणजे बहुधा या वहीतला उतारा. खड्डा किती खोल आहे हे त्यानंतर पाहिले जाते.

गावातून जाणारा प्रत्येक रस्ता ग्रामपंचायतीचा असतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. येडशीच्या शिवारात तो लगेच खोटा ठरतो. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. रामलिंग देवस्थानाकडे उतरताना आजूबाजूचे जंगल म्हणजे १९९७ साली घोषित झालेले येडशी रामलिंग घाट अभयारण्य. त्या हद्दीत साधा मुरूम टाकायचा तरी वनखात्याची परवानगी लागते. राज्यभराची विभागणी पाहिली तर राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. रस्त्यांची ही उतरंड १९४३च्या नागपूर योजनेपासून रुळत आली आहे. या सगळ्यांतून उरतात ते गावठाणातले अंतर्गत रस्ते, आणि तेवढेच ग्रामपंचायतीचे. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ने आणि त्याच्या अनुसूचीने सार्वजनिक रस्ते, गटारे, पूल यांचे बांधकाम आणि दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या कामांत घातली आहे. रस्ता ‘सार्वजनिक’ आहे की नाही, एवढ्यावर सगळे अडते.

खाजगी वाट सार्वजनिक होऊ शकते, याचे एक मोठे उदाहरण येडशीच्या अंगणातच आहे. बार्शी लाइट रेल्वे ही लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या खाजगी कंपनीची अडीच फुटी रूळमार्गाची गाडी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभारली. १८९७ साली कुर्डुवाडीकडून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोड स्थानकावरून, ती बार्शीपर्यंत धावू लागली आणि पुढे निजामाच्या मुलखात शिरून येडशीवरून १९११च्या सुमारास लातूरला पोचली. चाळीस वर्षांहून अधिक काळ या भागाची भुसार आणि कापसाची ने-आण एका कंपनीच्या मालकीच्या रुळांवरून होत होती. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती ताब्यात घेतली. त्या दिवशी रूळ तेच होते, डबे तेच होते, घाटातली वळणेही तीच होती. बदलली ती मालकी, आणि मालकीबरोबर देखभालीची जबाबदारी. पुढे त्याच मार्गाचे रुंदीकरण झाले ते सार्वजनिक पैशातून. प्लॉटिंगमधल्या तीनशे फुटांच्या गल्लीलाही हेच, पण छोट्या प्रमाणात, व्हावे लागते.

ते का होत नाही? कारण बहुतेक गल्ल्यांचा जन्मच कागदाबाहेरचा असतो. रीतसर बिनशेती झालेल्या जमिनीत मंजूर रेखांकन असते, त्यात रस्त्यांची रुंदी आखलेली असते, खुली जागा सोडलेली असते, आणि रस्ते तयार करून स्थानिक संस्थेकडे नाममात्र किमतीत सोपवावेत अशी अट अनेक बिनशेती आदेशांत घातलेली असते. पण ही अट पाळली गेली का, हे पाहायला कोणी येत नाही. विकणारा शेवटचा प्लॉट विकून मोकळा होतो. सातबाऱ्यावर रस्त्याच्या क्षेत्राला त्याचेच नाव राहते. दुसरा प्रकार याहून बिकट. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून बॉन्डवर केलेले व्यवहार. तुकडेबंदीचा कायदा १९४७चा. त्याला वळसा घालून झालेल्या या विक्रीत रेखांकनच नसते. ‘मधून पंधरा फूट सोडलेत’ एवढा तोंडी शब्द. ते पंधरा फूट ना गाव नकाशावर, ना सातबाऱ्यावर, ना नमुना २३मध्ये. पुढे दोन कुंपणे एकेक फूट पुढे सरकली की तेरा उरतात, आणि त्या तेरातच गटार काढायचे, नळाची लाइन टाकायची आणि विजेचा खांबही उभा करायचा.

इथे राहणाऱ्या माणसाचा सवाल अगदी सरळ असतो. घरपट्टी घेता, दिवाबत्ती कर घेता, पाणीपट्टी घेता, मग रस्ता का नाही? या सवालात दम आहे. आणि ग्रामपंचायतीच्या उत्तरातही आहे. सार्वजनिक पैसा खाजगी जमिनीवर घातला आणि उद्या मालकाने फाटक लावले, तर तो पैसा कोणाकडून वसूल करायचा? १९५८च्या अधिनियमातले कलम ५३ अतिक्रमण हटवण्याचे बळ ग्रामपंचायतीला देते, पण ते सार्वजनिक रस्त्यावरच्या आणि मोकळ्या जागेवरच्या अतिक्रमणाबद्दल. खाजगी गल्लीत ग्रामपंचायतीने काँक्रीट ओतले म्हणून ती गल्ली आपोआप तिची होत नाही. शिवाय विकणाऱ्याने जो खर्च करून द्यायचा, तो साऱ्या गावाने का सोसावा? मला ग्रामपंचायतीची ही बाजू पटते. मात्र तिचा आडोसा घेऊन सगळ्याच कामांतून अंग काढून घेणे पटत नाही. रस्ता बांधणे वेगळे आणि रस्ता वाहता ठेवणे वेगळे. हा फरक आपल्याकडे नीट केलाच जात नाही.

तो फरक कायद्यात लिहून ठेवलेला पाहायचा तर न्यू जर्सीला जावे लागते. अमेरिकेच्या या राज्यात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतली कितीतरी टाउनहाउसच्या वसाहतींत राहतात. वसाहतीतले रस्ते वसाहतीच्या संघाच्या मालकीचे. दरमहा संघाची वर्गणी भरायची आणि गावाचा मालमत्ता करही भरायचा. थंडीत रात्रभर हिमवर्षाव झाला की सार्वजनिक रस्त्यावरचे बर्फ गावाची गाडी नांगरून बाजूला करते, आणि वसाहतीच्या फाटकाशी येऊन परत फिरते. आतले बर्फ संघाने स्वतःच्या पैशाने काढायचे. एकाच सेवेचे दोनदा पैसे, ही तक्रार वाढत गेली आणि १९९०च्या सुमारास राज्याने कायदा केला. अशा वसाहतींतले बर्फ काढणे, रस्त्यावरचे दिवे आणि कचरा उचलणे ही कामे गावाने एकतर स्वतः करायची, नाहीतर संघाला त्याचा खर्च परत द्यायचा. डांबर नव्याने टाकणे त्यात नाही. तो बोजा मालकांकडेच राहिला. म्हणजे जमिनीची मालकी ज्याची, बांधणी त्याची. पण कर भरणाऱ्या माणसाला घराबाहेर पडता आले पाहिजे, ही जबाबदारी गावाची.

येडशीला बर्फ पडत नाही. पण पावसाळ्यात तुंबलेली नाली, रस्त्यावर आलेला कचरा, वाहून आलेला गाळ, संध्याकाळचा अंधार आणि त्या अंधारात निघणारी जनावरे यांचे स्वरूप तेच आहे. नाली उपसणे, कचऱ्याची घंटागाडी आत पाठवणे, खांबावर दिवा लावणे, डबक्यावर औषध फवारणे ही सेवेची कामे आहेत. त्यांतले एकही काम जमिनीची मालकी बदलत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या ग्रामपंचायत निधीत साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिली होती. सांडपाणी आणि कचरा त्या चौकटीत बसतात. त्यामुळे ‘तेवीसला नाही’ हे उत्तर काँक्रीटच्या मागणीला द्यावे. नाली उपसायला सांगणाऱ्याला तेच उत्तर देणे मला अन्यायाचे वाटते.

गावाबाहेर पडलो की प्रश्नाला वेगळे वळण लागते. शेतरस्ता. इथे मालकी आणखी गुंतागुंतीची आणि भांडणे अधिक कडवी. शासनाने केलेल्या वर्गवारीत गाव नकाशावर तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला ग्रामीण गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट रुंद, आणि तुटक एकेरी रेषेचा पायमार्ग सव्वाआठ फूट. नकाशावर रेष असेल तर अतिक्रमण काढून रस्ता मोकळा करता येतो. पण तिसरा प्रकार रेषेचाच नाही: बांधाबांधावरून शेतात जाणारी वाट. ती शेजाऱ्याच्या मालकीत असते. भाऊवाटण्यांनी पाच एकरांचे पाच तुकडे झाले की मागच्या चौघांना पुढच्याच्या बांधावरून जावे लागते. आजोबांच्या काळात बैलगाडी जायची; आता ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, सोयाबीन काढणीला हार्वेस्टर, आणि ऊस असेल तर त्याची ट्रॉली. बैलगाडीला चालणारी वाट यांना पुरत नाही.

अशा वाटेचा हक्क मागायला दोन जुने दरवाजे आहेत. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३: शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला वाजवी वाट हवी म्हणून तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो, आणि त्याचा निर्णय मान्य नसेल तर वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. दुसरा १९०६चा मामलेदार न्यायालय अधिनियम: आधीपासून वहिवाटीत असलेला रस्ता कोणी अडवला तर अडथळा काढण्यासाठी तहसीलदाराकडे दावा, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सहा महिने म्हणजे एक खरीप. ‘आपसात मिटवू’ म्हणत दिवाळी गेली की ती मुदत हातातून सुटते.

मात्र हक्क मिळाला म्हणजे मुरूम मिळाला असे नाही. १८८२च्या भारतीय सुखाधिकार अधिनियमाचे कलम २५ या बाबतीत अगदी रोखठोक आहे. ज्याला वाटेचा हक्क आहे, ती वाट वापरण्याजोगी ठेवण्याचा खर्च त्याने करायचा. ज्याच्या जमिनीतून वाट जाते त्याने फक्त अडवायचे नाही. दुरुस्ती करून देणे त्याच्यावर बंधनकारक नाही. हे न्याय्यही आहे. ज्याची जमीन गेली त्याच्याकडूनच मुरूम मागायचा कसा?

आता या मुरुमाचा हिशोब करू. मराठवाड्याची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्यावर थेट खडी टाकली तर दोन पावसांत खडी खाली जाते आणि माती वर येते. म्हणून आधी माती उकरून मुरुमाचा थर, त्याची दबाई, रस्त्याला मधून उंच आणि कडेला उतरता बाक, आणि दोन्ही अंगांना चर. एक किलोमीटर लांब, तीन मीटर रुंद रस्त्यावर वीस सेंटिमीटरचा थर द्यायचा म्हटले तर सहाशे घनमीटर मुरूम लागतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, पावणेतीन घनमीटरांहून थोडे जास्त. म्हणजे दोनशे दहा ब्रासांच्या वर, आणि ट्रॉलीत एक ब्रास धरली तर तितक्याच खेपा. त्यात गौण खनिजाचे स्वामित्वधन, डिझेल, रोलर. पाच-सहा खातेदारांच्या खिशाला हे झेपत नाही. बालाघाटाच्या या माथ्यावर मुरूम जवळपास सापडतो हे येडशीचे भाग्य. पण मुरूम जवळ असला तरी चर कोणी काढत नाही, आणि चर नसलेला रस्ता दुसऱ्या वर्षी पुन्हा ओढा होतो.

या जागी सरकारने आत यायला हवे, आणि ते हळूहळू आलेही. २७ फेब्रुवारी २०१८च्या शासन निर्णयाने पालकमंत्री शेत/पाणंद रस्ते योजना आली. ११ नोव्हेंबर २०२१ला तिच्या जागी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आली आणि रोजगार हमीचा पैसा इतर निधीशी जोडून हे रस्ते करायची सोय झाली. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्य यांचे प्रमाण ६०:४० राखावे लागते. खडी-मुरुमाच्या कामात साहित्यच जास्त, म्हणून ही जोडणी गरजेची होती. २०२५मध्ये महसूल विभागाने शेतरस्त्याची रुंदी किमान तीन ते चार मीटर धरावी आणि रस्त्याची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी, असे ठरवले. माझ्या मते या सगळ्यात शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. निधी एका वर्षाचा असतो, इतर हक्कातली नोंद जमीन विकली तरी तिच्याबरोबर जाते.

स्वीडनने या प्रश्नाला दिलेले उत्तर आपल्या शेतरस्त्यांना फार जवळचे आहे. त्या देशात खाजगी रस्त्यांचे जाळे सरकारी रस्त्यांहून लांब आहे. रस्त्याकडेचे जमीनमालक मिळून रस्ता-संघ करतात आणि प्रत्येकाचा वाटा त्याच्या वापरावर ठरतो: ज्याच्या शेतातून, जंगलातून जड वाहने अधिक ये-जा करतात, त्याची वर्गणी जास्त. सुमारे पंचाहत्तर हजार किलोमीटर खाजगी रस्त्यांना सरकार देखभालीसाठी अनुदान देते. हिवाळ्यातले बर्फ काढणेही त्या देखभालीत येते. अट एकच, रस्ता सर्वांना खुला ठेवायचा. फाटक लावायचे तर लावा, पण मग अनुदान नाही. मालकी जशीच्या तशी राहते, रस्ता-संघ जबाबदार राहतो आणि सार्वजनिक पैशाच्या बदल्यात लोकांना वाट मिळते. आपल्याकडे एका बाजूला ‘सगळे ग्रामपंचायतीने करावे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आमच्याकडे नोंद नाही’ अशी दोन टोके आहेत. मधली ही जागा रिकामी आहे.

ती भरेपर्यंत प्लॉटिंगमधल्या रहिवाशांपुढे मार्ग आहे तो हस्तांतराचा. मोठ्या शहरांच्या कायद्यांत त्याची पद्धत फार पूर्वीपासून बांधलेली आहे: १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात खाजगी रस्त्यालगतच्या मालकांना तो सपाट करा, फरसबंद करा, गटार काढा अशी नोटीस देण्याची आणि ते काम झाल्यावर रस्ता सार्वजनिक जाहीर करण्याची तरतूद कलम ३०५ आणि ३०६मध्ये आहे. म्हणजे आधी मालकांनी रस्ता धड करायचा, मग संस्थेने तो कायमचा सांभाळायचा. खेड्यात हेच काम दानपत्र, ठराव आणि नोंद अशा तीन पायऱ्यांनी होते. ज्याच्या नावे रस्त्याचे क्षेत्र आहे त्याने ते ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत दस्ताने द्यायचे. मोजणी करून हद्दी कायम करायच्या. सभेत ठराव घ्यायचा. फेरफार करून घ्यायचा आणि मग नमुना २३मध्ये रस्ता चढवायचा. यात अडते ते पहिल्याच पायरीला. विकणारा पुण्याला गेलेला असतो, किंवा वारला असतो आणि वारसांत वाद असतो. म्हणून प्लॉट घेतानाच, शेवटचा हप्ता देण्याआधी, रस्त्याचे दानपत्र झाले आहे का हे विचारावे. त्या दिवशी विकणाऱ्याला तुमची गरज असते.

जुन्या गल्ल्यांना ही संधी निघून गेलेली आहे. तिथे सगळ्या प्लॉटधारकांनी एकत्र येऊन आपापल्या हद्दीतून दोन-दोन फूट सोडायचे आणि तसे संमतीपत्र द्यायचे, हाच व्यवहार्य उपाय. एक जण जरी अडून बसला तरी काम थांबते. अशा वेळी गावातली जाणती माणसे मध्ये पडतात, आणि त्यांच्या शब्दाला तहसीलच्या नोटिशीइतके वजन असते. गल्ली बारा फुटांची सोळा झाली की रुग्णवाहिका दारापर्यंत येते. अडून बसलेल्या शेजाऱ्याला ही गोष्ट त्याच्याच म्हाताऱ्या आईचे उदाहरण देऊन सांगावी लागते.

रस्ता नोंदीत आला, निधी मिळाला, काँक्रीट झाले, फोटोही निघाला, तरी एक गोष्ट राहते. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांत ठेकेदाराने पाच वर्षे देखभाल करायची अट करारातच असते. ग्रामपंचायतीच्या छोट्या कामांत दोषदायित्वाचा काळ किती आणि तो कधी संपतो, हे फलकावर लिहिलेले क्वचित दिसते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास ग्रामसभा भरतात. त्यांतल्या एकीत नमुना २३ वाचून दाखवण्याची मागणी करावी, आपल्या गल्लीचे नाव त्यात आहे का ते ऐकावे, आणि असेल तर चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात नाल्या उपसण्यासाठी आणि मुरूम भरण्यासाठी किती रक्कम धरली आहे तो आकडा लेखी घ्यावा. हे मे महिन्याच्या सभेतच विचारलेले बरे, कारण जूनमध्ये रोलर चिखलात उतरत नाही.